महालातल्या दगडी घराची ओल: काळी माती, कूलर आणि चुना

नागपुरात दगडी घराची ओल तपासायची ती मे महिन्यात. पावसाळ्यात भिंत ओली दिसली तर त्यातून फारसं काही कळत नाही, तेव्हा डब्यातले पापडही मऊ पडतात. पण बाहेर 45 अंश आहेत, हवेत दमटपणा नावालाही नाही, अंगणात टाकलेली चादर अर्ध्या तासात खडखडीत वाळते, आणि तरीही भिंतीचा खालचा दोन-तीन फूट भाग थंडगार, काळपट, पापुद्रे सुटलेला आहे, तर तिथे रोज कुठून तरी पाणी येतंय. ते कुठून येतंय हे शोधणं म्हणजे निम्मं काम. उरलेलं निम्मं काम पाणी अडवण्याचं नाही, आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवण्याचं आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक उपायांचं नेमकं याच्या उलट चालतं.

काम केलं ते नागपुरातल्या महाल या जुन्या वस्तीतल्या एका घराच्या तळमजल्यावर. भिंती 20 ते 22 इंच जाड, दोन्ही तोंडांना काळा दगड, मधल्या पोकळीत माती, चुना आणि दगडाच्या चिपांची भर. आतून कधीकाळी सिमेंटचा गिलावा झालेला, त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट. एका खोलीत जुनी शहाबादी फरशी, शेजारच्या खोलीत त्या फरशीवरच बसवलेल्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. ओल दोन्हीकडे होती, पण टाइल्सच्या खोलीत ती भिंतीवर जवळजवळ फूटभर जास्त चढलेली. जमिनीतली ओल शहाबादीच्या सांध्यांतून थोडी थोडी उडून जात होती. टाइल्सनी तो रस्ता बंद केला, मग ओल कडेला सरकली आणि भिंतीत चढली. वर सिमेंट आणि पेंट असल्यामुळे भिंतीतूनही सुटका नाही, म्हणून ती आणखी वर गेली. ओल जिथे उडू शकते तिथेच थांबते. ही गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीचे निर्णय सोपे होतात.

आपल्याकडचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, स्वतः फार कमी पाणी पितो. पाणी चढतं ते दर्जांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, आणि मधल्या भरीतून. म्हणून दगडाच्या तोंडावर वॉटरप्रूफिंगचं काहीही लावा, त्याने फरक पडत नाही. कामठीकडच्या वालुकाश्मात बांधलेली घरं वेगळी. तो दगड स्वतःच पाणी शोषतो आणि क्षारांमुळे त्याचे थर सुटतात. तिथे दगडालाही सांभाळावं लागतं, तारेचा ब्रश चालत नाही.

ओलीचे प्रकार ओळखायला कसलंही महागडं यंत्र लागत नाही. दोन सुयांचं मॉइश्चर मीटर खाऱ्या भिंतीवर खोटं बोलतं. क्षार वीज वाहून नेतात, त्यामुळे वाळलेली भिंतही ते ओलीचिंब दाखवतं. खरं उत्तर वजनातून मिळतं. ड्रिलला 10 मिलिमीटरचं बिट लावून दर्जेतच भोक पाडायचं, दगडात नाही. गती कमी ठेवायची, नाहीतर बिट तापतं आणि भुकटी तिथेच वाळते. पहिल्या इंचाची भुकटी वेगळी, तीन ते चार इंच आतली वेगळी, दोन्ही लगेच घट्ट झाकणाच्या डब्यांत. जमिनीपासून 6 इंच, दीड फूट, 3 फूट आणि 5 फूट अशा चार उंचींवरून नमुने घ्यायचे. ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणारा छोटा काटा पुरतो. 50 ग्रॅम भुकटी ओव्हनमध्ये 105 अंशांवर ठेवायची आणि दोन लागोपाठ वजनं सारखी येईपर्यंत वाळवायची. 45 ग्रॅम उरली तर 10 टक्के पाणी होतं. साधारण 5 टक्क्यांच्या वर असेल तर भिंत ओली समजा. भिंतीवर पीओपी असेल तर त्याचा कण नमुन्यात येऊ देऊ नका. जिप्समच्या आत बांधलेलं पाणीही त्या तापमानाला निघतं आणि आकडा फुगतो.

आता आकडे वाचायचे. खाली जास्त आणि वर जाताना क्रमाने कमी, आत जास्त आणि तोंडाशी कमी, असं असेल तर जमिनीतून चढणारी ओल. मध्येच एका उंचीवर आकडा उसळला तर तिथे पाइप, मोरी किंवा छपराची गळती शोधा. तोंडाशी ओलं आणि आत कोरडं असेल तर हवेतली वाफ भिंतीवर थंड होऊन बसते आहे, किंवा भिंतीतले क्षार हवेतून पाणी ओढताहेत. पाइपबद्दल शंका असेल तर रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवायचा, सकाळी पुन्हा बघायचा. फुकटची तपासणी आहे, ती आधी करा.

या सगळ्यात एक खास नागपुरी कारण सुटून जातं: कूलर. मार्च ते जून खिडकीला लोखंडी कूलर, खसच्या टाट्या, टाकीत दिवसभर पाणी. टाकीच्या तळाला गंजून सुईएवढं भोक पडलेलं असतं, फ्लोट नीट बसत नाही म्हणून पाणी वरून सांडतं, आणि सगळं बरोबर खिडकीखालच्या भिंतीत मुरतं. बोअरचं जड पाणी असेल तर प्रत्येक थेंबाबरोबर क्षारही जातात. याची खूण अगदी स्पष्ट: ओल फक्त खिडकीखालीच, तीही उन्हाळ्यात वाढणारी आणि पावसाळ्यात कमी होणारी. कूलर भिंतीपासून निदान 4 इंच दूर, स्वतःच्या स्टँडवर, खाली पत्र्याचा ट्रे आणि ट्रेचं पाणी नालीपर्यंत नेणारा पाइप, एवढं केलं की ही ओल त्याच उन्हाळ्यात उतरू लागते. शिवाय कूलर चालू असताना समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. बंद खोलीत कूलर लावला की तासाला कित्येक लिटर पाण्याची वाफ त्याच भिंतींवर जाते.

बाहेरच्या कामाला पहिला मान. आत कितीही चांगला चुना लावा, बाहेर पाणी साचत असेल तर पैसा वाया. महाल, इतवारी, जुनी शुक्रवारी इकडच्या गल्ल्यांत रस्त्यावर रस्ता चढत गेला आणि सिमेंटचे रस्ते झाल्यावर तर अनेक घरांचं जोतं रस्त्याच्या पातळीखाली गेलं. जोत्याचा दगड मातीत गाडला गेला की ती सगळी उंची ओलीला बहाल झाली. रस्ता आपण खाली आणू शकत नाही, पण आपल्या हद्दीतला मातीचा आणि राडारोड्याचा थर काढून जमीन आतल्या फरशीपेक्षा 6 इंच तरी खाली आणता येते. तेवढी जागा नसेल तर भिंतीलगत 9 इंच ते 1 फूट रुंदीची उघडी पट्टी खोदून ती मोठ्या गिट्टीने भरायची. भिंतीला चिकटून सिमेंटचा ओटा किंवा पेव्हर ब्लॉक मात्र घालायचे नाहीत. घातलेले असतील तर पहिली ओळ उखडा.

काळ्या मातीचं एक वागणं इथे समजून घ्यावं लागतं. उन्हाळ्यात ती आकसते आणि भिंतीपासून सुटून बोटभर रुंदीची, हातभर खोल भेग पडते. जूनच्या मध्यावर पहिला जोराचा पाऊस आला की छपरावरचं पाणी या भेगेतून थेट पायाच्या दगडापर्यंत जातं. नंतर माती फुगते, भेग मिटते आणि आत गेलेलं पाणी कोंडलं जातं. म्हणून जूनच्या आधी, माती पूर्ण सुकलेली असताना, या भेगा मुरूम आणि चुना 8:1 प्रमाणात मिसळून, जरा ओलावून, सळईने ठोकून भरल्या. वरून भिंतीपासून बाहेर उतार दिला, 3 फुटांत 2 इंच. या कामाला मजुरी सोडली तर जवळजवळ खर्च नाही, आणि पहिल्याच पावसात त्याचा उपयोग दिसतो.

भिंतीबाहेर गिट्टीची गटार करायची असेल तर खोली 15 ते 18 इंच, रुंदी 1 फूट, तळाला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड), त्यावर 4 इंची भोकांचा पीव्हीसी पाइप भोकं खाली करून, 100 फुटांत 1 फूट उतार, वर 20 ते 40 मिलिमीटरची धुतलेली गिट्टी, आणि कापड वरून घडी घालून बंद. खोदताना पायाच्या तळापेक्षा खाली कधीही जायचं नाही. जुन्या घरांचे पाये अपेक्षेपेक्षा उथळ निघतात, तेव्हा आधी एका ठिकाणी खड्डा करून पाया किती खोल आहे ते पाहून घ्या. आणि पाइपाच्या शेवटाला पाणी जायला जागा नसेल तर ही गटार करूच नका. काळ्या मातीत ती नुसती पाण्याची टाकी होऊन बसते, तीही पायालगत.

छपराचं गणित सोपं आहे. 500 चौरस फुटांच्या कवेलूच्या छपरावर तासाला 100 मिलिमीटरच्या वेगाने पाऊस पडला तर मिनिटाला साधारण 77 लिटर पाणी पागोळीला येतं. ते सगळं जोत्याच्या कडेला आदळून भिंतीवर फूट-दीड फूट उडतं. एवढ्या छपराला एक 3 इंची पाइप पुरत नाही. पन्हाळीच्या दोन्ही टोकांना एकेक 4 इंची पाइप लावले आणि खालचं पाणी भिंतीपासून 5 फूट दूर सोडलं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा कित्येक घरांच्या भिंती कमरेपर्यंत भिजल्या. अशा भिंतीचं गणित वेगळं असतं: दर इंच जाडीला साधारण एक महिना वाळायला लागतो. 20 इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असेल तर दहा महिने, आणि एका बाजूला सिमेंट असेल तर त्याच्या दुप्पट. दिवाळीच्या तोंडावर घाईघाईने रंग देणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

आतलं काम फेब्रुवारी-मार्चला सुरू केलं, त्याला कारण आहे. सिमेंटचा गिलावा काढून भिंत उघडी केली की पुढचे तीन महिने विदर्भाचा उन्हाळा फुकटात भिंत वाळवतो. इतकी कोरडी आणि तापलेली हवा कोकणातल्या माणसाला मिळत नाही, तिचा उपयोग करून घ्यायलाच हवा. ओलीची वरची रेघ खडूने आखली आणि तिच्यावर आणखी 2 फूट जाऊन गिलावा उतरवला. छिन्नी भिंतीला तिरकी धरायची, सरळ नाही. सरळ मारली तर दर्जेतला जुना चुनाही निघतो आणि चिपा हलतात. ब्रेकर मशीन तर लावूच नये. मातीच्या भरीची भिंत आतल्या आत मोकळी होते आणि पोट काढते. गिलावा निघाल्यावर मागे ओला, काळा, कुबट वासाचा थर दिसतो. पडलेला सगळा मलबा त्याच दिवशी घराबाहेर काढायचा, कारण त्यात लोणा भरलेला असतो. अंगणात पडून राहिला तर पावसात विरघळून तो पुन्हा पायाकडे येतो.

लोणा म्हणजे भिंतीवर फुलणारा पांढरा खार. पाणी उडून जातं आणि क्षार तोंडाशी राहतात. स्फटिक होताना ते फुगतात आणि गिलावा फोडतात. ज्या खोलीच्या जागी पूर्वी गोठा किंवा टोपलीचा संडास होता तिथे नायट्रेटचं प्रमाण प्रचंड असतं, आणि अशा भिंती गळती थांबल्यावरही जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या दिसतात. क्षार हवेतलंच पाणी ओढतात. म्हणून वाड्यात गोठा कुठे होता हे घरातल्या जुन्या माणसांना विचारून घ्यावं, त्याने पुष्कळ उलगडा होतो.

लोणा पाण्याने धुवायचा नाही. धुतला की विरघळून परत आत जातो. कोरड्या, मऊ ब्रशने झाडून, खाली कागद धरून गोळा करायचा. उन्हाळाभर दर आठवड्याला झाडलं, आणि दर वेळी थर पातळ होत गेला. फार खारट पट्ट्यांवर लेप दिला. वर्तमानपत्र नव्हे, कोरा कागद भिजवून केलेला लगदा, मुलतानी माती आणि बारीक धुतलेली रेती सारख्या मापाने घ्यायची, आरओचं पाणी वापरायचं, आणि लेप पाऊण इंच जाड, भिंतीला घट्ट दाबून. लेप वाळत जाताना क्षार त्यात ओढले जातात. तो आपोआप सुटू लागला की काढून फेकायचा, पुन्हा वापरायचा नाही. एकदा करून भागत नाही. दोन-तीन लेपांनंतर खरा फरक पडतो. बोअरच्या पाण्यात लेप कालवला तर भिंतीला आणखी मीठ देणं झालं.

मे महिन्यात गिलावा करायचा मोह आवरायचा. भिंत कोरडी दिसते, मिस्त्री मोकळे असतात, पण त्या उन्हात चुना करपतो. चुन्याला घट्ट व्हायला हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड आणि त्याबरोबर थोडी ओल, दोन्ही लागतात. पाणी चार तासांत उडालं तर नुसती भुकटी राहते, बोट फिरवलं की निघते. दर्जा भरणं आणि गिलावा ऑक्टोबर ते जानेवारी. पावसाळाभर भिंत उघडी राहते, घर दिसायला वाईट दिसतं, पाहुणे विचारतात. तरी तसंच ठेवा. बाहेरची कामं नीट झाली की नाही हे त्या चार महिन्यांतच कळतं, आणि ऑक्टोबरला पुन्हा त्याच चार उंचींवरून भुकटी काढून वजन करता येतं.

चुना. कळीचा चुना घ्यायचा, ताजा. ढेकूळ पाण्यात टाकल्यावर काही मिनिटांत सूंसूं करत फुटलं पाहिजे. हवेतच विरून पीठ झालेला चुना कामाचा नाही. लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी, त्यात थोडा थोडा चुना. उलट केलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं. डोळ्यांवर गॉगल आणि हातांत रबरी मोजे, यात तडजोड नाही. चुन्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. डोळ्यात उडालाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहायचं आणि तसंच दवाखाना गाठायचा. एका घमेल्याला साधारण तीन घमेली पाणी. विरल्यावर जाळीतून गाळून, वर दोन इंच पाणी ठेवून, झाकून निदान तीन आठवडे मुरवायचा. तीन महिने मुरवला तर हाताला लोण्यासारखा लागतो आणि काम फार चांगलं होतं, म्हणून जुलैतच विरवून ठेवणं सोयीचं.

दर्जा आधी. सैल झालेला माल एक ते दीड इंच खोल खरवडून काढायचा, फुंकणीने धूळ उडवायची, फवाऱ्याने हलकं ओलवायचं. माल एक भाग चुना आणि अडीच भाग कन्हान नदीची जाड रेती. रुंद दर्जेत नुसता माल कोंबला तर तो आकसून तडकतो. तिथे दगडाच्या चिपा मालात दाबून बसवायच्या. मातीच्या भरीच्या भिंतीला सिमेंटचं पॉइंटिंग हा मोठाच घात आहे. बाहेरचं तोंड कडक आणि बंद, आत माती भिजत राहते, फुगते, आणि काही वर्षांनी दगडांची रांगच बाहेर येते.

गिलाव्याचा पहिला थर 12 मिलिमीटर: एक भाग चुना, एक भाग सुर्खी (विटेची भुकटी), दोन भाग रेती, सगळं मापाने. प्रत्येक घमेल्यात इंचभर कापलेल्या तागाची एक मूठ. सुर्खी नीट भाजलेल्या विटेचीच हवी. अर्धवट भाजलेल्या, हाताला माती सोडणाऱ्या विटेची सुर्खी ओल लागली की मऊ पडते. रेती पाण्याने धुवून घ्या, काचेच्या बाटलीत हलवून ठेवल्यावर वर गाळाचा जाड थर दिसला तर ती नको. बेलफळाचं किंवा गुळाचं पाणी घालायची जुनी पद्धत आहे, मालाला लवचीकपणा येतो. पण हात आखडता ठेवावा, गूळ जास्त झाला की पावसाळ्यात त्यावरच बुरशी धरते. दुसरा थर 8 मिलिमीटर, बारीक रेतीचा. दोन थरांमध्ये दहा ते पंधरा दिवस. अंगठा दाबला तर खळगा पडू नये, पण नखाने रेघ उमटावी, तेव्हा वरचा थर चढवायचा. 100 चौरस फुटांना 20 मिलिमीटर जाडीने साडेसहा घनफूट माल होतो. दगडी भिंत वाकडीतिकडी, तेव्हा 9 ते 10 घनफूट धरून चालावं. दोन्ही थरांवर आठवडाभर ओली पोती टांगून ठेवायची, पाइपने पाणी मारायचं नाही, आणि पंखा बंद.

मिस्त्रीवर इथे बारीक लक्ष ठेवावं लागतं. वाईट हेतू नसतो, सवय असते. चुना लवकर धरत नाही म्हणून, "थोडं सिमेंट टाकतो ना भाऊ, पकड येते," असं म्हणून घमेल्यात दोन मुठी पडतात. त्या दोन मुठींनी ना सिमेंटची ताकद येते, ना चुन्याचा मोकळेपणा राहतो. वर सिमेंटमधले क्षार भिंतीला नव्याने मिळतात. सिमेंटचं पोतं त्या कामाच्या दिवसांत घराच्या आवारात ठेवूच नका.

रंग म्हणजे चुन्याचाच. मुरलेला चुना दुधाइतका पातळ करून, फडक्यातून गाळून, चिमूटभर नीळ घालून चार ते पाच हात. प्रत्येक हात इतका पातळ की खालचा दिसावा. दोन हातांमध्ये एक दिवस. पुट्टी, प्रायमर, डिस्टेंपर काही नाही.

फरशीला सगळ्यात जास्त मेहनत लागली, पण टाइल्सच्या खोलीत दुसरा इलाज नव्हता. टाइल्स आणि त्याखालची शहाबादी उचलली. शहाबादी जपून काढून, उलट्या बाजूचा माल खरवडून, उभी करून ठेवली, तीच परत वापरायची. खाली मुरूम आणि त्याखाली काळी माती. 11 ते 12 इंच खोदलं, पायाच्या तळाच्या बरंच वर राहून. भिंतीच्या कडेला माती सरळ न कापता तिरकी ठेवली. तळ धुम्मसाने ठोकला. त्यावर 40 मिलिमीटरची धुतलेली गिट्टी 6 इंच, चुरी अजिबात नको. ओल वर चढते ती बारीक फटींमधून. मोठ्या गिट्टीतल्या पोकळ्यांमधून ती चढू शकत नाही, तिथेच तुटते. चुरी मिसळली की हा सगळा थर निकामी. 10 बाय 12 च्या खोलीला 60 घनफूट, म्हणजे 0.6 ब्रास गिट्टी लागते.

गिट्टीवर जिओटेक्स्टाइल, त्यावर 4 इंच चुन्याचा कोबा: 20 ते 25 मिलिमीटरची विटांची रोडी 100 भाग, आणि एक भाग चुना व दोन भाग सुर्खी यांचा माल 50 भाग. या खोलीला रोडी सुमारे 45 घनफूट आणि माल त्याच्या निम्मा. कोबा घातल्यावर लाकडी थापीने आठवडाभर रोज ठोकायचा, थापी उसळी मारू लागेपर्यंत. त्यावर 1:3 चुना-रेतीत शहाबादी, सांधे चुन्याने. भिंतीलगत 2 इंच पट्टी फरशीविना सोडून त्यात बारीक गिट्टी भरली. ओलीला उडायला ही कड फार उपयोगी पडते.

इंजिनिअर मंडळी इथे 1000 गेजचा प्लास्टिक कागद टाकायला सांगतात. नव्या, डीपीसी (जोत्याच्या पातळीला भिंतीत घातलेला ओल अडवणारा थर) असलेल्या घरात तो बरोबरच आहे. डीपीसी नसलेल्या दगडी भिंतींच्या खोलीत तो टाइल्सचंच काम करतो: खोलीच्या मधोमध कोरडं, कडेच्या भिंती दुप्पट ओल्या. भिंतीत भोकं पाडून रसायन भरण्याचंही तसंच. विटेच्या सलग भिंतीत ते चालू शकतं. दगडी भिंतीच्या भरीत पोकळ्या असतात, रसायन वाट सापडेल तिकडे वाहून जातं आणि सलग पडदा कधी तयारच होत नाही. जोत्याच्या वर 4 फूट ग्रॅनाइट किंवा टाइल्स लावून ओल झाकणं तर अगदीच नको. ओल 5 फुटांवर निघते, आणि मध्ये दाराची चौकट आली तर तिचा तळ कुजून वाळवी लागते.

इतकं सगळं करूनही जुलैत फरशीला घाम येऊ शकतो. तो जमिनीतून येत नाही. हवा 28 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू 25 अंशांच्या जरा वर असतो, आणि जमिनीला टेकलेली फरशी त्याच्या खाली गेली की हवेतलं पाणी तिच्यावर बसतं. खात्री करायची तर फरशीवर फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून दोन दिवस ठेवा. पाणी वरच्या बाजूला दिसलं तर हवेतलं, खाली दिसलं तर जमिनीतलं. हवेतलं असेल तर झडीच्या दिवसांत खिडक्या सताड उघड्या ठेवून उपयोग नाही, बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते. उघडीप पडली, ऊन आलं की दुपारी उघडायच्या, आणि एरवी छताचा पंखा हळू चालू ठेवायचा. कपाटं, दिवाण भिंतीपासून 4 इंच पुढे.

पहिल्या वर्षी नव्या गिलाव्याच्या खालच्या फूटभर पट्ट्यात लोणा परत फुलतो. गोठ्याच्या भिंतीला तर नक्कीच. घाबरून तिथे काही लावू नये. भिंतीतला उरलेला क्षार गिलाव्यात येतो आहे, आणि तो गिलावा त्यासाठीच आहे. कोरड्या ब्रशने झाडत राहायचं. दोन-तीन वर्षांनी तेवढाच पट्टा उतरवून नवा भरायचा, दगड आणि दर्जा शाबूत राहतात. चुन्याचा एक हात दरवर्षी दसऱ्याच्या आधी, पन्हाळीतला पाला मेच्या शेवटी आणि पुन्हा ऑगस्टमध्ये काढायचा, काळ्या मातीच्या भेगा दर उन्हाळ्यात बघायच्या.

राहिली सामाईक भिंत. महालात घराला घर लागून, आणि आपल्या माजघराच्या भिंतीपलीकडे बरेचदा शेजारच्यांची मोरी. अशा जागी आपल्या बाजूने काहीही केलं तरी भागत नाही. वादाऐवजी वजनाचा काटा कामाला येतो. मे महिन्यात त्या जागेची भुकटी काढून वजन करायचं, मग शेजारच्या काकूंना विनंती करायची की आठ-दहा दिवस या मोरीत पाणी टाकू नका, नंतर शेजारी दुसरं भोक पाडून पुन्हा वजन. आकडा उतरला तर तो कागद त्यांच्यासमोर ठेवता येतो. उतरला नाही तर कारण दुसरं आहे, आणि त्यांच्या मोरीला दोष देता येत नाही. उतरला, तर मोरीचा तळ उकरून उतार जाळीकडे 4 फुटांत दीड इंच करायचा, जाळीभोवतीचा सांधा नव्याने बसवायचा, आणि तिथे मात्र भिंतीवर 3 फुटांपर्यंत वॉटरप्रूफिंगचा थर द्यायचा, कारण त्या जागी पाणी रोज बाहेरून भिंतीवर पडतं. खर्च निम्मा-निम्मा.